कोर्लईच्या टाक्यातलं पाणी

आमच्या पोलादपूरच्या घरमालकीणबाई देवाला विचारल्याशिवाय काही करत नसत. ‘देवाच्या मनात असेल तसं’ असं आपण सगळेच म्हणतो, पण ती एक बोलायची पद्धत झाली. या बाई खरोखर विचारत. हातातलं काम टाकून, डोक्यावरून पदर घेऊन त्या सावित्री नदीच्या अंगाला टेपावर, म्हणजे टेकाडावर, असलेल्या भैरोबाच्या देवळात जात, गुरवाला कौल लावायला सांगत आणि उत्तर घेऊन घरी येत. कौल म्हणजे दिसायला सोपी गोष्ट. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवीकडची पाकळी आधी गळली तर देव हो म्हणाला, डावीकडची गळली तर नको म्हणाला.

मी कापडे गावाच्या पलीकडल्या एका शाळेत बदली होऊन आले तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती आणि नवऱ्याची नोकरी महाडच्या कारखान्यात. एसटी स्टँडच्या मागच्या आळीत या बाईंच्या घराच्या मागल्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं म्हणून गेलो. त्यांनी चहा दिला, मुलीला मांडीवर घेतलं, आमचं गाव कुठलं, सासर कुठलं, आमटीत गूळ घालता का, इथपर्यंत सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “उद्या या. आज त्याला इचारते.” मला वाटलं, मुंबईच्या मुलाला फोन करणार असतील. दुसऱ्या दिवशी गेलो तर दारातच म्हणाल्या, “उजवा दिला. सामान आणा.”

पहिले काही दिवस मी त्यांना अहो-जाहो करत होते. मग त्यांनीच एकदा झापलं, “मला अगं म्हण गो बाय. तू ‘तुम्ही’ म्हटलंस की माझ्या मागं कोन दुसरं उभं हाय का ते बघते मी.” तेव्हापासून ती आमची आजी झाली, आणि इथून पुढे मी तिला अगंच म्हणणार आहे.

सत्तरी ओलांडलेली, काटक, काळीसावळी. नवरा जाऊन बारा-पंधरा वर्षं झालेली. मूळ घर कापड्याच्या वरच्या वाडीवर, तिथली भातशेती पुतण्या करायचा. मुलगा मुंबईकडे, दर मे महिन्यात बायकामुलांना घेऊन यायचा आणि आईला ‘पुढच्या टायमाला पक्का’ असं काहीतरी सांगून जायचा. आजी ते ऐकून घ्यायची. तिच्या मते मुलगा मुळात चांगला होता, फक्त तो कुणालाच काही विचारत नसल्यामुळे त्याची सगळी कामं अर्धवट राहत होती.

मुलाने एकदा तिच्यासाठी टीव्ही आणायचं ठरवलं. आजी टेपावर जाऊन आली. डावा. मुलाने डोक्याला हात लावला, आणि टीव्ही आणला तो आमच्या खोलीत लावून गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी आजी आमच्या खिडकीबाहेर उभी राहून, गजांना धरून, मालिका बघायची. मी म्हणायचे, अगं आत येऊन बस. ती म्हणायची, “तुझ्या घरात बसून बघितलं म्हंजे घरातच झालं. भायेरनं बघते. त्यानं घरात आणू नको म्हटलं, बघू नको नाय म्हटलं.” पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बघायची. माझा नवरा म्हणायचा, या बाईने वकिली केली असती तर महाडच्या कोर्टात कुणाचं काही चाललं नसतं.

तिचा आणखी एक नियम होता. एकदा विचारलेली गोष्ट ती पुन्हा विचारायची नाही. दाढ दुखायला लागली तेव्हा काढू का म्हणून विचारलं, डावा आला. मग ती आठ महिने त्या दाढेसकट जगली. गाल सुजायचा, जेवण तुटायचं, माझ्याकडून गोळ्या घेऊन जायची. गुरवसुद्धा कंटाळून म्हणाला, “काकी, परत एक डाव लावू या का कौल?” त्याच्यावर कडाडली. “मानसाला एकच गोष्ट दोनदा इचारली तर तो चिडतो. आन् तो काय तुझ्या घरचा गडी हाय?” शेवटी दाढ आपली आपणच पडली. तिने ती मला तळहातावर ठेवून दाखवली आणि म्हणाली, “बघ. काढू नको म्हणाला व्हता, पडणार नाय म्हणाला नव्हता.”

हे सगळं सांगताना मला हसू येतं, तेव्हाही यायचं. पण एक गोष्ट मला पहिल्यापासून कळत होती. ती देवाचं नाव सांगून आपल्याला हवं ते करून घेत नव्हती. तसं करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आमच्याच शाळेत दोन होती. हिचं उलट होतं. पुतण्याने वाडीवरचा एक चांगला वाफा कायमचा मागितला, तेव्हा हिला द्यायचा नव्हता. रात्रंदिवस त्याला शिव्या देत होती. तरी विचारायला गेली, उजवा आला, आणि खाली उतरून मुकाट्याने देऊन टाकला. शेजारीण म्हणाली, अगो, डावा आला म्हणून सांगायचंस की, कोण बघायला आलं होतं? आजी तिच्याशी महिनाभर बोलली नाही.

आता कोर्लईचं. आजीचा नवरा गवंडी होता. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी तो एका मुकादमाबरोबर समुद्राकडे गेला, कोर्लईला. तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी दीपगृह आहे, त्याच्या आवारात काहीतरी बांधकाम होतं. दोन हंगाम तो तिथे राहिला आणि परत आला तो त्या किल्ल्याच्या गोष्टी घेऊनच. किल्ला पोर्तुगीजांचा. डोंगर असा की दोन्ही अंगांना पाणी. वर बिनछपराचं चर्च, दगडात कोरलेली न वाचता येणारी अक्षरं, गंजलेल्या तोफा. गावातले लोक आपसात वेगळीच भाषा बोलतात, जुन्या पोर्तुगीजांनी मागे ठेवलेली. इथपर्यंत आजीने ऐकून घेतलं. पण तो जेव्हा म्हणाला की त्या समुद्रातल्या डोंगरावर एक टाकं आहे आणि त्यातलं पाणी गोडं आहे, आपल्या विहिरीपेक्षा गोडं, तेव्हा ती म्हणाली, “थापा मारू नको. चारी अंगांनी खारं आन् मधी गोडं कसं येईल?”

तिथून जे लागलं ते लागलंच. तो म्हणायचा, आईशपथ गोडं. ती म्हणायची, थापाड्या. भांडण कशावरूनही असो, मीठ जास्त झाल्यावरून का असेना, शेवटी ती त्याला टाक्यापाशी नेऊन सोडायची. ‘तुझं काय खरं धरायचं, तुझं त्या टाक्यावानी.’ तो म्हणायचा, तुला नेईन एकदा आणि तुझ्या हाताने पाजीन. न्यायचं राहिलं. माणूस आजारी पडला, मुंबईला नेला, तिथेच गेला.

“मेला त्याच्या आधी दोन दिस मला म्हणाला,” आजी सांगायची, “‘सगळं जाऊ दे, टाक्याचं तेवढं खरं धर.’ आन् मी काय बोलावं? मी म्हटलं, ‘आधी बरा हो, मग बघू.’ हां बोल्ली असती तर माझं काय जात व्हतं गो?”

मुंबईत तिने समुद्र पाहिला होता. मुलाने चौपाटीवर नेलं होतं. त्याला वाटलं, आईची हौस फिटली. तिला समुद्राचं काही पडलंच नव्हतं. तिला ते टाकं बघायचं होतं, ओंजळभर पाणी प्यायचं होतं आणि मेलेल्या नवऱ्याशी चाललेलं भांडण मिटवायचं होतं. एवढं एकच तिचं मागणं होतं आणि ते मला पक्कं माहीत होतं. पुढे मी जे केलं ते माहीत नसताना केलं असं मला म्हणता येत नाही.

आम्हाला तिथे येऊन दोन वर्षं झाली होती. वाईहून सासू-सासरे आले होते आणि नवऱ्याने जुनी का होईना गाडी घेतली होती. डिसेंबरातला एक रविवार धरून कोर्लईला जायचं ठरलं. किल्ला मीच सुचवला, आजीच्या गोष्टी ऐकून ऐकून. ती पडवीत बसून आमचं बोलणं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत असताना जवळ आली आणि, जी बाई एरवी कुणाला मागून चिमूटभर साखर घ्यायची नाही ती, म्हणाली, “गाडीत मी मावन का गो?”

मी म्हटलं, “बघू हं, आजी.”

“मी त्याला इचारल्याबिगर येणार नाय,” ती म्हणाली. “पन इचारू कशी? मला सुतक.”

वाडीवरचा तिचा चुलत दीर वारला होता. शनिवारी त्याचं तेरावं. ते उरकून ती संध्याकाळी येणार, तेव्हा सुतक फिटणार. रविवारी पहाटे आम्ही निघणार. आणि कौल लावतात तो सकाळच्या पूजेनंतर. म्हणजे विचारायचं तर शनिवारी सकाळीच, आणि तेव्हा तिला देवळाची पायरी चढता येत नव्हती. तिने ते सगळं आधीच डोक्यात मांडून ठेवलेलं दिसत होतं. मला म्हणाली, “तू जा. माझ्या नावानं इचार. म्हातारी कोर्लईला जाऊ का, एवढंच इचार. टाक्याचं नको बोलू, ते त्याला ठाव हाय.”

गाडीत आम्ही पाच. मुलगी चार वर्षांची, ती माझ्या मांडीवर बसली असती. तेव्हा जागा नव्हती हे खरं नव्हे. खरं हे होतं की मला तो दिवस आमचा आमचा हवा होता. आजी मिश्री लावून खिडकीतून थुंकेल, प्रत्येक वळणावरच्या देवाला गाडी थांबवायला लावेल, तिला गाडी लागेल, आणि सासूबाई वाईला जाऊन महिनाभर सांगत बसतील की सूनबाईंनी घरमालकिणीला सहलीला नेलं. शाळेत मुलांना मी सगळ्यांशी प्रेमाने वागा म्हणून शिकवायचे. तेही पगारात धरलेलं असतं.

शनिवारी सकाळी मी टेपावर गेले. गुरव पूजा आटपत होता. मी चपला काढल्या, पायरीवर उभी राहिले. देवबिव मी फारसा मानत नाही, माझ्या माहेरीही कुणी मानत नसे. पण तिथे उभी असताना माझ्या मनात आलं, विचारलं आणि उजवा दिला तर? मग तिला न्यावंच लागेल. घंटेला हात न लावता मी चपला घातल्या आणि खाली उतरले. वाटेत बाजारातून संत्री घेतली.

संध्याकाळी आजी वाडीवरून आली. आंघोळ केलेली, केस ओले. पडवीच्या पायरीवर बसली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, “डावा दिला, आजी.”

तिने विचारलं नाही की पाकळी किती वेळाने पडली, गुरव काय म्हणाला. तसं विचारलं असतं तर मी बहुतेक अडखळले असते. ती नुसती “बरं” म्हणाली आणि आत गेली. पहाटे आम्ही निघताना बाहेर आली ती तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून घेऊन. माझ्या हातात देताना म्हणाली, “टाकं बघून ये. वाईच चाखून बघ, आन् मला खरं सांग.”

महाड, माणगाव, कोलाड, रोहा, साळाव करत आम्ही कोर्लईला पोचलो. गाडी लागली ती सासूबाईंना, दोनदा. मुलगी पूर्ण रस्ताभर माझ्या मांडीवर होती, आणि माझ्या नि सासूबाईंच्या मध्ये जी जागा होती तिथे संत्र्यांची पिशवी बसून आली.

दीपगृहापासून किल्ल्याच्या पायऱ्या चढतात. सासू-सासरे खालीच सावलीत बसले. आम्ही तिघं वर गेलो. आजीच्या नवऱ्याने सांगितलेलं सगळं जागच्या जागी होतं. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला रेवदंड्याची खाडी. चर्चला छप्पर नव्हतं. अक्षरं वाचता येत नव्हती. नवरा फोटो काढत होता, मुलगी तोफेवर बसून घोडा घोडा करत होती, आणि मी टाकं शोधत होते.

टाकं म्हणजे जमिनीत गोल भोकं आणि खाली अंधारात पाणी. एक म्हातारा बकऱ्या घेऊन आला होता. त्याने दोरी बांधलेला डबा आत सोडला, पाणी काढलं, आधी आपण प्यायला आणि मग डबा माझ्यापुढे धरला. “घ्या बाई, काय होत नाय.” मी दोन घोट घेतले.

पाणी गोडं होतं. थंड आणि गोडं.

मला तिथे रडू आलं. नवऱ्याला वाटलं, चढून दम लागला. मी त्याला काही सांगितलं नाही. माझी पाण्याची बाटली रिकामी करून त्या म्हाताऱ्याकडून भरून घेतली. उतरताना मी मोजून पावलं टाकत होते, आणि सारखं वाटत होतं की ही बाई आमच्या सगळ्यांच्या पुढे चढून आली असती. वाडीवरून लाकडांचा भारा घेऊन उतरणारी ती. सासूबाईंना जे जमलं नाही ते तिला सहज जमलं असतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आजी पडवीतच होती. मी गाडीतून उतरायच्या आत तिने विचारलं, “काय गो?”

“गोडं आहे, आजी. मी प्यायले.”

ती खाली बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाली, “म्हंजे खरं बोलायचा.” आणि थोड्या वेळाने, “तू सांगितलंस म्हंजे खरंच असणार.”

हे दुसरं वाक्य मला अजून सहन होत नाही.

मी बाटली पुढे केली. तिने हात मागे घेतला. “नको. जिथं जाऊ नको म्हणाला तिथलं पाणी कशी पिऊ? ठेव तुझ्याकडं.” मी म्हटलं, अगं जाऊ नको म्हणाला, पिऊ नको म्हणाला नाही. टीव्हीच्या वेळी हिनेच शिकवलेलं गणित होतं ते. ती हसली नाही. “ह्यात नको तसलं काय,” म्हणाली. ती बाटली आमच्या फ्रीजवर कितीतरी दिवस होती. पाणी हिरवं झालं तेव्हा मी ते जास्वंदीला घातलं.

त्यानंतर आजी बदलली, आणि ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तिने देवाला विचारणं बंद केलं. परसातली शेवग्याची फांदी न विचारता तोडली. मे महिन्यात सून म्हणाली, आई, घराला रंग काढू या का, तर “काढा नायतर नका काढू” म्हणाली. रविवारी टेपावर दिवा लावायला जायची, तेही थांबलं. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. मी तिला मलमाची ट्यूब आणून दिली. मनातली टोचणी घालवायला माणूस अशी कामं करतो.

वर्ष सरलं. पुढल्या डिसेंबरात मी नवऱ्याशी बोलून ठेवलं आणि एका दुपारी आजीजवळ गेले. ती पडवीत सुपात तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, “आजी, या रविवारी कोर्लईला जाऊ. फक्त तू नि आम्ही. पुढच्या सीटवर बस.”

“त्यानं नको म्हटलंय,” ती सूप न थांबवता म्हणाली.

“परत विचार की.”

“एकदा नाय म्हंजे नाय. आन् सध्या आमचं बोलणं बी नाय.”

“कुणाचं?”

“त्याचं नि माझं. वरीस झालं.” आता तिने सूप खाली ठेवलं. “उभ्या जन्मात त्याच्याकडं माझ्यासाठी म्हणून एकच मागितलं गो. वाफा दे म्हणाला, दिला. दाढ काढू नको म्हणाला, नाय काढली. एवढं सगळं ऐकलं त्याचं. आन् माझ्या मानसाचं एक टाकं बघायला जाऊ का, तं नाय म्हणाला. मी म्हटलं, ऱ्हा तुझ्या देवळात. माझा दिवा नाय, माझं फूल नाय. लय शिव्या घातल्या त्याला. अजून घालते.”

इतके दिवस मी समजत होते की माझ्या खोटं बोलण्याने तिची एक सहल बुडाली. त्याची भरपाई दुसऱ्या सहलीने होईल असा माझा हिशेब होता. पन्नास वर्षं जिच्याशी बोलत होता त्या एकट्या बाईचा देव मी तिच्यापासून तोडला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पायरीपर्यंत गेले, विचारलं नाही, परत आले.

“गेलीच नाय?”

“पायरीपर्यंत गेले.”

“का नाय इचारलंस?”

“तो हो म्हणाला असता तर तुला न्यावं लागलं असतं.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. ती ओरडली नाही. “जागा नाय असं सांगायचंस,” ती म्हणाली. “मी काय टपावर चढून बसली असती? नको येऊस म्हटलं असतंस तरी मी भाकऱ्या दिल्याच असत्या. त्याला कशाला मधी घातलास? गुन्हा तुझा, आन् वरीसभर शिव्या त्यानं खाल्ल्या.” मग ती उठली, आणि पहिल्यांदाच मला तिच्या उठण्यात म्हातारपण दिसलं. जास्वंदीची दोन फुलं तोडून ती भर दुपारी टेपाकडे चालायला लागली. मी मागे निघाले तर वळून म्हणाली, “तू नको येऊस.”

संध्याकाळी परत आली. माझ्या दारात उभी राहून, आत न येता म्हणाली, “असल्या मानसाला घरात ठेवायची का नाय, ते मी सकाळी त्याला इचारणार हाय.” आणि गेली.

नवऱ्याला मी सांगितलं. तो म्हणाला, “तुझं चुकलंच,” आणि मग थोड्या वेळाने, “महाडला खोल्या मिळतील.” मुलगी नुकतीच पोलादपूरच्या शाळेत रुळली होती. दुपारी शाळेतून आली की आधी आजीच्या पडवीत जायची, मग आमच्याकडे. मी भांडी पुसून खोक्यात भरायला लागले. डावाच येणार याबद्दल मला शंका नव्हती. मी देव असते तर डावाच दिला असता.

सकाळी आजी पूजेच्या वेळेला गेली ती उन्हं चांगली वर आल्यावर परतली. मी शाळेला रजा टाकली होती. ती सरळ आमच्या दारात आली, उघडी खोकी पाहिली आणि म्हणाली, “उजवा दिला त्यानं. ऱ्हावा. भांडी काढून ठेव.”

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने ठेवू दिलं, पण पाठीवर हात नाही फिरवला. मी म्हटलं, आजी, तेव्हा तर तो नको म्हणालाच नव्हता, आता विचार ना कोर्लईचं. ती म्हणाली, “बघू. आता लगीच काय इचारायला त्वांड नाय मला.” मी दर थोड्या दिवसांनी आठवण करायचे. ती म्हणायची, बघू. संक्रांत झाली, शिमगा झाला. रविवारचा दिवा पुन्हा सुरू झाला होता, खिडकीतून मालिका बघणंही. मला वाटलं, वेळ आहे. भाद्रपदात तिला ताप आला. मुलगा येऊन मुंबईला घेऊन गेला, आणि पंधरा दिवसांत तिला परत आणलं ते गाडीत आडवं घालूनच.

वाडीवर आजीचं तेरावं उरकल्यावर मी टेपावर गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. गुरव देवळापुढे झाडत होता. त्याला म्हटलं, “आजीचा तुमच्या कौलावर फार विश्वास होता. मला घरात ठेवायची की नाही तेसुद्धा तिने इथेच विचारलं. तुमच्या देवाने उजवा दिला म्हणून मी राहिले.”

गुरवाने झाडू थांबवला. “कधी?”

मी दिवस सांगितला.

“बाई, त्या दिशी कौल लागलाच नाय,” तो म्हणाला. “मी पाकळ्या भिजवून बसलो व्हतो. काकी म्हणाली, लावू नको. मी म्हटलं, का गो? तर म्हणाली, ‘डावा पडला तं काय करू? पोरगी लहान हाय तिची.’ मग लय वेळ भायेर बसून व्हती. जाताना देवाकडं बघून मोठ्यानं बोल्ली, मला ऐकू आलं. ‘उजवा दिलास म्हणून सांगते हां तिला, तुझ्या नावानं. वरीसभर मी तुझ्यावर रागावले, आता वरीसभर तू माझ्यावर रागाव. फिट्टंफाट.’”